नकट्याचा मुलगा, जॉनचा जावई: वेल्सच्या गादीची भाऊबंदकी

कार्डिफकर

पलीकडच्या धाग्यावर वारसाहक्काची हाणामारी चालू असताना मी "वेल्सच्या राजांनी यात पीएचडी केली होती" असं लिहून बसलो आणि तिघांनी "मग लिहा की" म्हणून धरलं. तो धागा भरकटू नये म्हणून हा वेगळा काढतोय. मी इतिहासाचा माणूस नाही. पोटापाण्यासाठी चौदा वर्षं कार्डिफात आहे आणि सुट्टीच्या दिवशी पडके किल्ले बघत हिंडतो, एवढीच पात्रता.

आधी नावांचं. 'आप' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'वेर्ख' म्हणजे अमक्याची मुलगी. आडनाव नाहीच. एकाच घराण्यात इतके ग्रिफिद, लेवेलिन आणि ओवाइन सापडतात की टोपणनावांशिवाय गाडं पुढे सरकत नाही. लेवेलिनमधला पहिला 'ल' आपल्याकडे नाही. ल म्हणायला लावतो तशी जीभ टाळूला लावायची आणि आवाज न काढता बाजूंनी नुसती हवा सोडायची. चौदा वर्षांनंतरही ऑफिसात माझी थट्टा होते.

त्या काळी, म्हणजे साधारण नवव्या ते तेराव्या शतकात, वेल्सला एक राजा नव्हता. वायव्येला डोंगराळ ग्वीनेद, मध्ये इंग्लंडला खेटून पोविस, नैऋत्येला देहेबार्थ, आग्नेयेला मोर्गानुग, आणि प्रत्येकाच्या पोटात आणखी तुकडे. कोणीतरी कर्तबगार उठायचा, दोन-तीन राज्यं एका मुठीत आणायचा, मरायचा, आणि तिरडी उचलायच्या आधी मुलगे एकमेकांच्या नरडीला हात घालायचे. चारशे वर्षं हेच.

कारण म्हणून सगळे जण हवेल दा याच्या कायद्याकडे बोट दाखवतात. 'हवेल दा' म्हणजे चांगला हवेल, मृत्यू ९५०. कायद्याला नाव त्याचं असलं तरी हाती आहेत त्या पोथ्या तेराव्या शतकापासूनच्या. त्यात जमिनीचा नियम असा: बापामागे सगळ्या मुलांना सारखा वाटा. धाकट्याने वाटे पाडायचे, मग थोरल्यापासून उतरत्या क्रमाने उचलायचे. (हे वाचल्यावर मी खुर्चीत सरळ बसलो. आजोळच्या वाटणीत अगदी हेच झालं होतं.) लग्नाच्या बायकोचा आणि बिनलग्नाच्या बाईचा मुलगा यांच्यात भेद नाही. बापाने "हा माझा" म्हटलं की झालं. पोथीत तर स्वच्छ लिहिलंय की चर्चचा नियम लग्नाच्या बायकोच्या थोरल्या मुलालाच मानतो, पण हवेलचा कायदा बापाचं पाप मुलाच्या वाट्यावर लादत नाही.

वाचायला फार सुंदर. आता याचं प्रत्यक्षात काय झालं ते ग्वीनेदच्या ओवाइनकडे बघा. गादीवर ११३७ ते ११७०, जबरदस्त राजा. दोन लग्नं, शिवाय इतर बायका, दहाहून जास्त मुलगे. दुसरी बायको क्रिस्तिन ही त्याच्या मामाची मुलगी. आपल्याकडे निम्म्या गावांना यात काही वावगं वाटलं नसतं, उलट मामाने मांडव घातला असता. चर्चला मात्र हे महापाप. कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस बेकेट याने बायको सोड म्हणून फर्मावलं. ओवाइनने सोडली नाही. बहिष्कृत झाला आणि तसाच मेला. बँगोरच्या पाद्र्यांनी तरीही त्याला आपल्या चर्चमध्ये मानाने पुरलं. ११८८ मध्ये पुढचा एक आर्चबिशप तिथून जात होता, त्याने हे थडगं बघून मढं बाहेर काढायचा हुकूम दिला. अठरा वर्षं झाली होती मरून!

ओवाइन गेल्याबरोबर क्रिस्तिनचे मुलगे दाविद आणि रोद्री सावत्र भावावर, हवेलवर, चालून गेले. हवेलची आई आयरिश. तो स्वतः उत्तम कवी, त्याच्या प्रेमकविता आजही वाचतात. अँगलसी बेटावर पेन्त्रायथ इथे त्याला मारलं. मग दाविदने उरलेल्या भावांना एकेक करून हाकललं किंवा कोंडलं, सख्ख्या रोद्रीलासुद्धा, आणि ११७४ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीची सावत्र बहीण एमा करून आणली. रोद्री कैदेतून निसटला. त्याने मॅन बेटाच्या राजाशी सोयरिक जुळवली आणि ११९३ मध्ये तिकडची फौज घेऊन अँगलसीत उतरला. म्हणजे दोघे सख्खे भाऊ, दोघांनी सासुरवाडीचं बळ शोधलं, आणि एकमेकांवरच वापरलं.

या सगळ्या गोंधळात एक तिसरा भाऊ होता, योर्वेर्थ. टोपणनाव 'द्रुइन्दुन', तुटक्या नाकाचा. सरळ नकटाच म्हणू. नाकामुळे त्याला डावललं अशी गोष्ट पुढे पसरली. त्याचा मुलगा लेवेलिन. विशी-बाविशीत त्याने दोन्ही काकांना झोपवलं आणि १२०० च्या सुमाराला ग्वीनेद त्याच्या हातात होतं. यालाच पुढे 'थोरला लेवेलिन' म्हणतात.

लेवेलिनची सोयरिक आधी त्याच मॅनच्या राजकन्येशी चालली होती. (तीच, जी रोद्रीकाकाला दिली होती की नुसती ठरली होती, यावर पोपशी वर्षानुवर्षं पत्रापत्री झाली.) परवानगी मिळतामिळता लेवेलिनने बेत बदलला आणि १२०५ मध्ये इंग्लंडच्या जॉन राजाची मुलगी जोन हिच्याशी लग्न केलं. वेल्समध्ये तिला शुआन म्हणतात. तीही अनौरसच. म्हणजे बघा, ज्या कायद्यात अनौरस मुलाला पूर्ण हक्क, त्या देशात अनौरस राजकन्या सून म्हणून आली, आणि तिच्याच मुलासाठी तो कायदा मोडला गेला.

कारण लेवेलिनला आधीचा एक मुलगा होता. तांगविस्ल नावाच्या बाईपासून झालेला ग्रिफिद. थोरला, धिप्पाड, लोकांचा आवडता. आणि शुआनपासून झालेला दाविद. हवेलच्या कायद्याने दोघे सारखे. लेवेलिनने ठरवलं की आपल्या आजोबांच्या मरणानंतर जे झालं ते आपल्या घरात होऊ द्यायचं नाही. सगळं राज्य एकाला, आणि तो दाविद. १२२० मध्ये इंग्लंडच्या राजाकडून मान्यता घेतली. १२२२ मध्ये पोपकडून शिक्का आणला, की दासीच्या मुलाने लग्नाच्या बायकोच्या मुलाबरोबर वाटा घ्यायचा ही इथली निंद्य चाल रद्द करण्यात येत आहे. १२२६ मध्ये पोपकडूनच शुआनला औरस ठरवून घेतलं. १२३८ मध्ये अस्त्राद फ्लिरच्या मठात वेल्सच्या सगळ्या सरदारांना बोलावून दाविदशी इमान राखायच्या शपथा घ्यायला लावल्या. इतकी कागदपत्रं तर आपल्याकडे फ्लॅट घेताना होत नाहीत.

१२४० मध्ये लेवेलिन गेला. सहा वर्षांत सगळं मातीत.

कसं, ते खाली प्रतिसादांत लिहितो, इथे फार लांबलं. प्रश्न एवढाच: लेवेलिनने ग्रिफिदला डावललं ते बरोबर होतं का?


तिखट_शेव

रुमाल टाकून ठेवतोय. रात्री निवांत वाचणार.


मोडीवाचक

लेख आवडला, पण एक मोठी दुरुस्ती.

कायद्यात समान वाटणी आहे ती जमिनीची. गादीची नाही. त्याच पोथ्यांमध्ये राजाच्या दरबाराचं वर्णन येतं, तिथे 'एदलिंग' नावाचा एकच नेमलेला वारस आहे. त्याची बसायची जागा ठरलेली, मान ठरलेला. शब्दसुद्धा इंग्रजांकडून उचललेला. म्हणजे कागदावर एक राजा, एक वारस अशीच कल्पना होती. एदलिंग कोण, हे मात्र राजाच्या मुलगे, भाऊ, पुतणे यांच्यातून ठरायचं, आणि ज्याला नेमलं नाही तो गप्प बसायचा नाही. थोडक्यात भांडण कायद्याने लावलं नाही. उमेदवार जास्त आणि खुर्ची एक, म्हणून लागलं.

दुसरी गोष्ट तुमच्याकडून निसटली. वेल्समध्ये सरदारांची मुलं दुसऱ्यांच्या घरी वाढवायला द्यायची पद्धत होती. प्रत्येक मुलगा वेगळ्या घराण्यात वाढायचा. राजा मेला की प्रत्येक मुलामागे त्याला वाढवणारं एक अख्खं घराणं उभं राहायचं: आपला पोरगा गादीवर बसला तर आपली चांदी. भाऊ एकमेकांना लहानपणी नीट बघतसुद्धा नसत. गेराल्ड नावाचा वेल्श पाद्री, जो ११८८ मध्ये त्या आर्चबिशपबरोबर हिंडत होता, तो स्वतः हे लिहून गेलाय की इथे वाढवलेल्या भावावर सख्ख्या भावापेक्षा जास्त जीव असतो.

तिसरं. "बाईकडून गादी येत नाही" हा नियम तोंडी लावण्यापुरता होता. नवव्या शतकातला रोद्री (यालाही 'थोरला'च म्हणतात) घ्या. त्याचा बाप मेर्विन ग्वीनेदच्या जुन्या पुरुषवंशातला नव्हताच, आईकडून आला. रोद्रीला पोविस मिळालं ते आजोळच्या नात्यातून, आणि नैऋत्येचा सेसिलुग भाग बायको अंगहारदकडून, तिचा भाऊ बुडून मेला म्हणून. खुद्द हवेल दाने दवेद (नैऋत्येचंच एक राज्य) मिळवलं ते बायको एलेनच्या माहेरचं. म्हणजे ज्याच्या नावाचा कायदा बायकांना जमीन देत नाही, तो स्वतः सासुरवाडीवर मोठा झालेला.


कार्डिफकर

@मोडीवाचक, जमीन आणि गादी मी एकत्र कालवली, मान्य. एदलिंगचं लिहायलाच हवं होतं.

पण ग्वीनेदपुरतं बोलू. पोविसमध्ये ११६० मध्ये मादोग आप मारेदिद मेला आणि राज्याचे जे तुकडे झाले ते पुन्हा कधी जुळले नाहीत. देहेबार्थमध्ये ११९७ ला रीस गेला तेव्हाही तेच. त्याच्या मुलांनी तर बाप जिवंत असतानाच ११९४ मध्ये त्याला कोंडला होता! शेवटी १२१६ मध्ये आबेर्दोवीला लेवेलिननेच पंच म्हणून बसून रीसच्या वंशजांची वाटणी करून दिली. जो दुसऱ्याच्या घरची वाटणी करून देतो, त्याला आपल्या घरी वाटणी नको होती हे मला समजू शकतं.


उंबरठा७

आमच्याकडे धाकट्या काकांनी वाटे पाडले, मोठ्यांनी आधी उचलला. धाकट्यांनी विहीर एका वाट्यात आणि विहिरीची वाट दुसऱ्या वाट्यात टाकली होती. तीस वर्षं झाली, अजून बोलणं नाही. हवेलसाहेबांना कोणीतरी कळवा.

अवांतर: नवरा-बायको वेगळे झाले तर काय व्हायचं त्या कायद्यात?


मोडीवाचक

@उंबरठा७, अवांतर नाही, मजेशीर आहे. सात वर्षं संसार झाल्यावर फारकत झाली तर घरातल्या वस्तू निम्म्या-निम्म्या. आणि निम्म्या म्हणजे मोघम नाही, यादीच आहे. डुकरं नवऱ्याला, मेंढ्या बायकोला. मुलांपैकी थोरला आणि धाकटा बापाकडे, मधला आईकडे. कोंबड्या नवऱ्याला आणि मांजरांपैकी एकच. बाकी मांजरं बायकोची. जात्याची वरची तळी नवऱ्याला, खालची बायकोला.


उंबरठा७

जात्याची एकेक तळी घेऊन दोघं करणार काय? दळायला परत एकत्र यायचं?


मधली_सून

छान लिहिलंय कार्डिफकर, पण सगळ्या लेखात बायका म्हणजे "करून आणली", "मिळाली", "सोयरिक केली". माझ्या वाचनातल्या दोघी-तिघींबद्दल लिहिते.

पहिली अंगहारद, देहेबार्थच्या मारेदिदची मुलगी. पहिला नवरा लेवेलिन आप सेसिल, त्याच्यापासून मुलगा ग्रिफिद. हा १०५५ नंतर जवळजवळ अख्ख्या वेल्सचा राजा झाला, असा एकटाच. नवरा १०२३ मध्ये गेल्यावर तिने दुसरं लग्न केलं, त्यातून ब्लेदिन आणि रिवालोन. १०६३ मध्ये ग्रिफिदला त्याच्याच माणसांनी मारलं आणि मुंडकं इंग्लंडच्या हॅरल्डकडे गेलं, तेव्हा ग्वीनेद आणि पोविस मिळालं ते याच दोन सावत्र भावांना. यांचा बाप राजा नव्हता. आई तेवढी राजघराण्यातली. आणि ग्रिफिदची बायको एल्दगिथ? ज्या हॅरल्डने तिच्या नवऱ्याचा काटा काढला, त्याच्याशीच तिचं लग्न लागलं. १०६६ ला हेस्टिंग्जच्या लढाईत तोही पडला. तीन वर्षांत दोनदा विधवा.

दुसरी नेस्त, देहेबार्थच्या रीस आप तेवदुरची मुलगी. बाप १०९३ मध्ये, हेस्टिंग्जनंतर इंग्लंडचे मालक झालेल्या नॉर्मनांशी लढताना पडला. मग इंग्लंडच्या पहिल्या हेन्रीपासून एक मुलगा, नंतर विंडसरच्या जेराल्डशी लग्न, आणि ११०९ मध्ये पोविसच्या ओवाइनने तिला नवऱ्याच्या किल्ल्यातून उचलून नेलं. लोक तिला 'वेल्सची हेलन' म्हणतात, मला ते आवडत नाही. तिला कोणी विचारलं होतं का? वर मोडीवाचक यांनी ज्या गेराल्ड पाद्रीचा दाखला दिला तो तिचा नातू, मुलीचा मुलगा. म्हणजे वेल्सबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बरंचसं नेस्तच्या नातवाने लिहून ठेवलेलं आहे.

आणि शुआनचं १२३० चं प्रकरण तुम्ही गाळलंत. मुद्दाम?


कार्डिफकर

@मधली_सून, मुद्दाम नाही, लांबी बघून. पण विचारलंच आहे तर सांगतो, कारण यात सगळं येतं.

विल्यम द ब्रोझ हा सीमेवरचा बडा नॉर्मन सरदार. १२२८ मध्ये लेवेलिनच्या हाती सापडला. सुटकेच्या बोलीत ठरलं की त्याची मुलगी इझाबेला दाविदला द्यायची आणि बिल्थचा मुलूख आंदण. म्हणजे हा व्याही. १२३० च्या ईस्टरला व्याही पाहुणा म्हणून आला आणि रात्री शुआनच्या खोलीत सापडला. २ मे ला लेवेलिनने त्याला उघड फाशी दिलं. सरदाराचं डोकं उडवायचा मान न देता चोरासारखा दोर.

आता खरी गंमत. फाशीनंतर लेवेलिनने विल्यमच्या विधवेला पत्र लिहिलं: माझ्या सरदारांनी निकाल दिला, मला तो अडवता आला नाही, पण आपल्या मुलांचं लग्न ठरल्याप्रमाणे करायचं का ते कळवा. आणि लग्न झालं! बिल्थसुद्धा आलं. शुआन वर्षभर कैदेत होती, मग १२३१ मध्ये सन्मानाने परत राणीपदावर. १२३७ मध्ये ती गेली तेव्हा लेवेलिनने लानवाइसला तिच्या कबरीजवळ फ्रान्सिस्कन मठ बांधला. राग होता की राजकारण, प्रेम होतं की गरज, मला ठरवता येत नाही. बहुतेक चारही.


बांधावरची_बाभळ

मला हा लेवेलिन भक्तीचा सूर पटत नाही. "थोरला" कसला? शेकडो वर्षं चाललेला, अनौरस मुलालाही माणूस मानणारा कायदा त्याने पोपच्या चिठ्ठीवर मोडला. कशासाठी, तर बायको इंग्लंडच्या राजाची लेक. आपल्याकडे लेकावळ्याला गादी नाही म्हणून किती घराणी पोसली गेली आणि किती पोरं करपली ते बघा. वेल्सचा कायदा त्या मानाने शंभर पटींनी सुधारलेला होता. ग्रिफिदचा गुन्हा काय होता?


मोडीवाचक

@बांधावरची_बाभळ, "बायको इंग्लंडच्या राजाची लेक म्हणून" हे अर्धं खरं आहे. १२११ बघा. जॉनने ग्वीनेदवर स्वारी केली, लेवेलिन कोंडीत सापडला. त्याने शुआनला बापाकडे पाठवलं आणि तिने तह घडवून आणला. त्या तहात कलम होतं: लेवेलिनला जॉनच्या मुलीपासून वारस झाला नाही तर सगळं राज्य जॉनला. म्हणजे "वारस कोणत्या बाईचा" हा प्रश्न त्या दिवशीच सुटला होता. आणि ओलीस म्हणून कोण दिला? ग्रिफिद. पोरगा चार वर्षं जॉनच्या कैदेत होता. १२१५ च्या मॅग्ना कार्टामध्ये (जॉनने सरदारांना दिलेल्या हक्कांच्या सनदेत) त्याला सोडायचं कलम आहे. मधल्या काळात, १२१२ मध्ये, जॉनने नॉटिंगहॅमला अठ्ठावीस वेल्श ओलीस फासावर दिले होते. ग्रिफिद त्यातून वाचला, एवढंच.

बापाने ओलीस ठेवलेला, मग डावललेला, मग पुन्हा बापानेच सहा वर्षं कैदेत टाकलेला मुलगा. तो शांत बसेल अशी अपेक्षाच चूक.


कार्डिफकर

आता "सहा वर्षांत मातीत" कसं ते.

दाविद गादीवर आला आणि त्याने ग्रिफिदला क्रिकियेथच्या किल्ल्यात कोंडलं. ग्रिफिदची बायको सेनेना. (@मधली_सून, ही तुमच्या यादीत हवी.) तिने १२४१ मध्ये थेट इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीशी (जॉनच्या मुलाशी) करार केला: नवऱ्याला सोडवा, हवेलच्या कायद्याप्रमाणे त्याचा वाटा मिळवून द्या, मी सहाशे मार्क (तेव्हाचं पैशाचं माप) देते. हेन्रीला हेच हवं होतं. तो फौज घेऊन आला, दाविद नमला, ग्रिफिद हेन्रीच्या ताब्यात गेला. आणि हेन्रीने त्याला सोडलं नाही. लंडनच्या टॉवरमध्ये ठेवला. एक मुलगा सेनेनाबरोबर तिथेच. आता तो हेन्रीच्या हातातला हुकमाचा पत्ता: दाविदने डोकं वर काढलं की ग्रिफिद सोडायची धमकी.

१ मार्च १२४४, वेल्सच्या संत दाविदाचा दिवस. ग्रिफिदने चादरी, पडदे बांधून दोर केला आणि खिडकीतून उतरायला लागला. मघाशी धिप्पाड म्हटलं ना, दोर तुटला. मॅथ्यू पॅरिस नावाच्या इंग्रज साधूने त्याचं चित्र काढून ठेवलंय. पोथीच्या समासात उलटा पडणारा माणूस. मी ते छापील प्रतीत बघितलंय, नखाएवढं आहे, आणि तरी नजर हटत नाही.

दोन वर्षांनी, फेब्रुवारी १२४६ मध्ये, दाविद गेला. इझाबेलापासून मूलच नव्हतं. वीसएक वर्षांची पत्रापत्री, पोपचे शिक्के, मठातल्या शपथा, सगळं ज्याच्यासाठी, त्याला पोर नाही. गादीवर कोण आले? ग्रिफिदचे मुलगे. तांगविस्लचे नातू.

@बांधावरची_बाभळ, माझं म्हणणं शेवटी एवढंच आहे. लेवेलिनने वाटणी टाळली ही चूक नव्हे. पण वाटणी टाळायला त्याने सासुरवाडीचा शिक्का घेतला, आणि जिचा शिक्का घेतला ती पुढच्या प्रत्येक वाटणीला पंच म्हणून हजर. सेनेनानेही तोच रस्ता धरला. नंतर तर पायवाट पडली.


बांधावरची_बाभळ

सासुरवाडी वाटणीला बसली हे पटलं. थोरला हे अजून पटलं नाही.


तिखट_शेव

वाचून झालं. दोनदा. कागदावर वंशावळ काढली, बायको विचारतेय कोणाचं स्थळ आलंय.

प्रश्न: ग्रिफिदच्या मुलांनी तरी धडा घेतला का?


मोडीवाचक

@तिखट_शेव, नाही. चार भाऊ: ओवाइन, लेवेलिन, दाविद, रोद्री. १२५५ मध्ये ब्रिन देर्विनला लेवेलिनने ओवाइन आणि दाविदला हरवलं. ओवाइनला जे कैदेत टाकलं ते वीस वर्षांहून जास्त. रोद्रीने आपला हक्क हजार मार्कांना विकायचा सौदा केला आणि इंग्लंडात शेती बघत बसला, चौघांत शहाणा तोच. दाविद तीनदा फिरला. १२७४ मध्ये त्याने आणि पोविसच्या ग्रिफिद आप ग्वेनविनविनने लेवेलिनचा खून करायचा कट केला. त्यातही सोयरिक! दाविदची मुलगी पोविसच्या मुलाला द्यायची आणि बदल्यात जमीन. बर्फाचं वादळ आलं म्हणून मारेकरी पोचले नाहीत.

तरीही हा लेवेलिन १२६७ मध्ये मॉन्टगोमरीच्या तहाने 'वेल्सचा प्रिन्स' म्हणून इंग्लंडकडून मान्य करून घेणारा पहिला आणि शेवटचा.


मधली_सून

आणि पन्नाशीपर्यंत बिनलग्नाचा! हे मला कधी कळलेलं नाही. आजोबांनी वारसासाठी एवढा आटापिटा केला आणि नातू लग्नच करत नाही. तोपर्यंत वारस कोण, तर कट करणारा भाऊ.


कार्डिफकर

@मधली_सून, केलं शेवटी, आणि ते लग्न म्हणजे एक वेगळंच प्रकरण. एलेनॉर, बंडखोर सायमन द माँफोर्टची मुलगी. आई तिसऱ्या हेन्रीची बहीण, म्हणजे ती इंग्लंडच्या तेव्हाच्या राजाची, पहिल्या एडवर्डची, आतेबहीण. लग्न मुखत्यारामार्फत लागलं, १२७५ मध्ये ती फ्रान्सहून जहाजाने निघाली, आणि एडवर्डच्या माणसांनी समुद्रातच जहाज पकडलं. जवळजवळ तीन वर्षं कैदेत. लेवेलिन युद्ध हरून नमल्यावर, १३ ऑक्टोबर १२७८ ला, वुस्टरच्या कॅथेड्रलमध्ये एडवर्डने खर्च करून थाटात लग्न लावून दिलं. त्या सकाळी, प्रार्थनेला उभं राहायच्या आधी, त्याने नवऱ्यामुलासमोर एक कागद ठेवला आणि शिक्का मारायला लावला: राजाच्या मर्जीविरुद्ध कोणाला आसरा देणार नाही. चार वर्षांनी आर्चबिशपकडे मांडलेल्या गाऱ्हाण्यांत लेवेलिनने हे प्रकरण लिहिलंय. बोहल्यावरचं विसरला नव्हता.

जून १२८२ मध्ये एलेनॉर बाळंतपणात गेली. मुलगी झाली, ग्वेनलियन. ११ डिसेंबरला लेवेलिन किल्मेरीजवळ इंग्रजांच्या हातून मारला गेला. त्याला तिकडे ओढून नेण्यात मॉर्टिमर भावांचा हात होता असं जुन्या नोंदींत येतं. हे मॉर्टिमर कोण? थोरल्या लेवेलिनने मुलगी ग्लादिस राल्फ मॉर्टिमरला दिली होती, तिचे नातू. आत्याच्या घरचे.

त्याच्या भावाला, दाविदला, एडवर्डने पुढच्या ऑक्टोबरात श्रूजबरीला हालहाल करून मारलं. त्याचे दोन मुलगे ब्रिस्टलच्या किल्ल्यात. एक १२८७ मध्ये मेला. दुसऱ्याला, ओवाइनला, १३०५ मध्ये रात्री लोखंडाने मढवलेल्या लाकडी पिंजऱ्यात ठेवायचा हुकूम निघाला. तान्ह्या ग्वेनलियनला लिंकनशरमध्ये सेम्प्रिंगमच्या मठात धाडलं. १३३७ मध्ये तिथेच गेली. चौपन्न-पंचावन्न वर्षांची. लग्न होऊ नये, वारस होऊ नये, एवढ्यासाठी.


तिखट_शेव

म्हणजे वंश संपला.


मोडीवाचक

पुरुषवंश म्हणाल तर रोद्रीचा नातू ओवाइन फ्रान्सच्या बाजूने लढत होता, त्याला १३७८ मध्ये इंग्रजांनी मारेकरी घालून मारलं. तो संपला.

मुलींकडून म्हणाल तर नाही. ग्लादिसच्या मॉर्टिमर घराण्यातून पुढे इंग्लंडचा चौथा एडवर्ड आला. आणि थोरल्या लेवेलिनचा कारभारी एदनेवेद वाखन, ज्याची बायको देहेबार्थच्या रीसची मुलगी, त्याच्या वंशात ट्यूडर घराणं. १४८५ ला त्यातलाच सातवा हेन्री इंग्लंडच्या गादीवर.


बांधावरची_बाभळ

जावयांनी खाल्लं म्हणा की सरळ.


मधली_सून

@कार्डिफकर, शुआनचं काही उरलंय का? तो लानवाइसचा मठ बघता येतो?


कार्डिफकर

मठ नाही उरला. आठव्या हेन्रीच्या काळात मोडला. तिची दगडी शवपेटी मात्र मी गेल्या महिन्यात बघितली, ब्यूमारिसच्या चर्चच्या देवडीत. झाकणावर एका बाईचा चेहरा कोरलाय, डोक्याला वस्त्र, हात छातीशी, तळवे पुढे. खाली वेलबुट्टी. काही अभ्यासक म्हणतात की झाकण शुआनचं नसून एलेनॉरचं असावं, कारण तिलाही लानवाइसलाच पुरलं होतं. सावत्र आजेसासू आणि नातसून एकाच अंगणात.

पेटीजवळच्या पाटीवर लिहिलंय की मठ मोडल्यावर ही पेटी कित्येक वर्षं घोड्यांना पाणी पाजायची डोण म्हणून वापरात होती. १८०८ मध्ये तिथल्या एका उमरावाने ती उचलून आणली. मी कडेवरून हात फिरवून बघितला. एका बाजूला दगड गुळगुळीत लागला, पण तो घोड्यांच्या मानांनी झाला की माझ्यासारख्यांच्या हातांनी, कोण जाणे. फोटो काढलाय, पण देवडीत अंधार होता, चेहरा नीट आला नाही. पुन्हा गेलो की टाकतो.